मुक्या सिनेमाचा प्रॉम्प्टर

मामंजी गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, "केवढं आयुष्य पाहिलं त्यांनी! नाटक काय, सिनेमा काय! तुम्हाला काय काय गोष्टी सांगितल्या असतील!" मी मान डोलवायची आणि चहा टाकायला आत जायची. काय बोलणार, कपाळ! लग्न होऊन आल्यापासून मी त्या माणसाच्या घरात जन्म काढला, शेवटी उशापायथ्याशी बसून काढला, पण मनातली म्हणून एक गोष्ट त्यांनी मला सांगितली असेल तर शपथ. एक तेवढी कळली, अगदी अखेरच्या दिवसांत. तीही त्यांनी अर्धी सांगितली आणि अर्धी माझ्याकडून करवून घेतली.

मामंजी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. म्हणजे विंगेत, पडद्याआड, एका खोक्यावर बसायचं, मांडीवर नाटकाची संहिता घ्यायची आणि नट अडखळला की पुढचे दोन शब्द हळूच त्याच्या कानावर घालायचे. प्रेक्षकांना ऐकू जाता कामा नये आणि नटाला ऐकू आल्यावाचून राहता कामा नये, असा आवाज लागतो त्याला. मामंजींचा तसा होता. कंपनीत त्यांना सगळे कुजबुजे मास्तर म्हणायचे. ते नाव इतकं चिकटलं की दारावर खऱ्या आडनावाची पाटी असूनही पोस्टमन "कुजबुजे!" म्हणूनच हाक मारायचा, आणि मीही "आले, आले" म्हणत दार उघडायची.

या कामाचा एक नियम होता आणि तो मामंजींनी आम्हाला उठता-बसता ऐकवलेला आहे. प्रॉम्प्टरची नजर पानावर! रंगमंचावर खून होवो नाहीतर लग्न लागो, मान वर करायची नाही. मान वर केली की ओळ सुटते, ओळ सुटली की नट चारचौघांत उघडा पडतो, आणि त्याचं पाप प्रॉम्प्टरच्या माथी. "मी आयुष्यात एकही नाटक पाहिलेलं नाही," असं ते अभिमानानं सांगायचे. "ऐकलेली मात्र सगळी आहेत."

सवय घरातही सुटली नाही. समोरचा बोलता बोलता जरा थांबला की मामंजी पुढचा शब्द पुरवणार. भाजीवाल्याला, डॉक्टरला, रेडिओवर बातम्या देणाऱ्यालासुद्धा. लग्न ठरवायला ही मंडळी आमच्याकडे आली होती, तेव्हा यांच्या आत्यानं मला नाव विचारलं. माझी दातखीळ बसली. तर माझे होणारे सासरे खाली सतरंजीकडे बघत, ओठ न हलवता, माझंच नाव मला पुरवताहेत! मला फिस्सकन हसू आलं आणि तिथंच मी फसले. वाटलं, घर हसरं असेल.

कसलं हसरं! मुकं होतं. आमचे हे एका कारखान्यात ट्रेसर, म्हणजे साहेबांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर गिरवायचे. दिवसभर वाकून मान आखडलेली, घरी आले की भिंतीला पाठ टेकून डोळे मिटायचे. मामंजी नाटक कंपनी बसल्यावर छापखान्यात लागले होते. तिथं प्रुफं तपासणाऱ्याला मूळ मजकूर वाचून दाखवायचं काम, तेही स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दिवसभर दुसऱ्याचे शब्द वाचून घसा बसलेला माणूस घरी स्वतःचे कुठून काढणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि मी दवाखान्यात, केसपेपर काढायच्या खिडकीवर. तिथं माणसं माझ्याशी बोलतात, पण बघतात माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे. लेक होती तोवर घरात चार शब्द पडायचे. ती लग्न होऊन लांब गेली आणि उरलो आम्ही तीन दमलेली माणसं आणि एक रेडिओ.

आता सासूबाईंचं सांगते. मी त्यांना पाहिलं नाही, आणि यांनीही पाहिलं नाही म्हटलं तरी चालेल. हे रांगत होते तेव्हाच त्या तापानं गेल्या. यांना आत्यानं वाढवलं. घरात सासूबाईंचा एकच फोटो आहे. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या आहेत, फोटोवाल्यानं "हलू नका" म्हणून दम दिलेला, त्यामुळे चेहरा असा की बाईला पोलिसांनीच उभं केलंय. हे लहानपणी त्या फोटोसमोर तासन्‌तास बसायचे म्हणे. मोठेपणी बसत नव्हते, पण येता-जाता डोळा तिकडे जायचाच. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा एकदा मला म्हणाले, "चेहरा मला पाठ आहे गं. पण ती चालायची कशी? हसायची कशी? या फोटोत ती नुसती उभी आहे. मला ती एकदा हलताना बघायचीय." पुढे आयुष्यभर या माणसानं माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही, आणि नेमकं तेच माझ्या हातात नव्हतं.

वैताग असा की सासूबाई हलताना बघायची सोय या जगात एके काळी होती. त्या सिनेमात होत्या. एकाच, पण चांगल्या नायिका!

झालं होतं असं. कंपनीचं एक विनोदी नाटक जोरात चालायचं. एका श्रीमंताची मुलगी घड्याळ दुरुस्त करायला येणाऱ्या तरुणाच्या प्रेमात पडते. तो रोज यावा म्हणून ती रोज स्वतःच घड्याळ बिघडवते आणि बाप घड्याळाच्या नावानं बोटं मोडत बसतो. सगळी गंमत बोलण्यात. वाक्याला वाक्य, टाळीवर टाळी. सिनेमा तेव्हा मुका होता. कुणा पैसेवाल्याच्या डोक्यात किडा वळवळला की या नाटकाचा सिनेमा काढायचा. अहो, बोलण्यावर चाललेलं नाटक, त्यातलं बोलणंच काढून टाकायचं? लिंबू पिळून टाकायचं आणि सालाचं सरबत करायचं? पण पैसेवाल्याला कोण सांगणार!

नाटकातली मोठी नटी म्हणाली, जिथं माझा आवाज नाही तिथं माझं काय काम, आणि पाय आपटत निघून गेली. ऐन वेळी दुसरी कुठून आणायची? कंपनीच्या कपडेपटात एक मुलगी होती. पोशाख शिवायची, उसवलेलं टाचायची, विंगेतल्या अंधारात नटीला घाईघाईनं झगे चढवायची. नटीचे झगे तिला मापात बसायचे, तेवढ्या एका गुणावर तिला नायिका केली. त्याच माझ्या सासूबाई.

त्यांना धड एक ओळ येत नव्हती, आणि बाकीच्या नटांना प्रॉम्प्टर नसला तर तोंड उघडायचीच सवय नव्हती. मग काय, मुक्या सिनेमाला प्रॉम्प्टर नेला! ऐकून माणसं अजून हसतात. कॅमेऱ्याच्या पायांशी खोकं टाकून मामंजी संहिता घेऊन बसले, आणि जी वाक्यं कुणाला कधीही ऐकू येणार नव्हती ती एक एक करून पुरवत राहिले. दिग्दर्शक म्हणायचा, काहीही बडबडा, ओठ हलले म्हणजे झालं. पण ही नाटकवाली माणसं, शब्द खाणार थोडीच! शब्दन्‌शब्द म्हणायची.

सिनेमा पडला. पडणारच होता. माणसं सोफ्यावर बसून ओठ हलवताहेत आणि दर थोड्या वेळानं पडद्यावर पाटी येतेय. लोक म्हणाले, वाचायचंच होतं तर वाचनालयात बसलो असतो. मागाहून बोलपट आले, सिनेमाची कंपनी बुडाली, आणि गुदामात पडलेली रिळं कुणीतरी नेऊन वितळवली, फितीतली चांदी काढायला. काढणाऱ्यांची चांदी झाली नाही, सिनेमाची मात्र झाली. नट, कॅमेरावाला, दिग्दर्शक, सगळे एकेक करून गेले. तो सिनेमा घडताना तिथं हजर असलेला एकच माणूस जगात उरला, आमच्या घरात, आमच्या खाटेवर, आणि तो म्हणणार, नजर पानावर.

यांनी विचारलं नसेल असं नाही. लहानपणी विचारलं, लग्नानंतर माझ्यादेखत विचारलं. "बाबा, आई कशी होती?" मामंजी चष्मा काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे आणि म्हणायचे, "चांगली होती. शिवण सुबक होतं तिचं." संपलं. आता संसार केला म्हणजे बायकोकडे कधीतरी बघितलं असेल की नाही या माणसानं? पण विचारायची सोय नाही. शेवटी यांनी विचारणंच सोडून दिलं.

मग एक संग्रहालयवाली आली. जुने सिनेमे जपून ठेवतात तिथली, तरुण, खांद्याला रेकॉर्डर, बोलायला गोड. जे सिनेमे आता कुठेच उरले नाहीत त्यांची माहिती म्हाताऱ्या माणसांकडून गोळा करत हिंडत होती. मामंजींच्या खाटेजवळ बसून म्हणाली, "आजोबा, त्या सिनेमाचा बोटभर तुकडासुद्धा कुठे नाही. आता तुम्ही सांगाल तेवढाच तो सिनेमा."

यांनी त्या दिवशी रजा टाकली. अंगात ताप असताना कामावर जाणारा माणूस हो! सकाळीच दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि खुर्ची ओढून बापासमोर बसले. त्याआधी स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाले, "आपल्याला नाही सांगत, पण बाहेरच्या माणसाला तरी सांगतील. मी नुसतं ऐकेन." साठीला टेकलेला माणूस, केस पिकलेले, आणि चेहरा मात्र लहान मुलाचा. मला त्यांची दया आली आणि त्यांच्या बापाचा राग आला.

तिनं विचारलं, "पहिल्या प्रसंगात नायिका कुठून येते?"

मामंजींनी डोळे मिटले आणि सुरू झाले. अख्खा पहिला अंक! बापाचं बोलणं, मुलीचं बोलणं, घड्याळवाल्याचं बोलणं, एका सपाट आवाजात, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आम्ही सगळे ऐकत बसलो. चहा गार झाला.

"आजोबा, फार छान," ती म्हणाली, "पण हे नाटक झालं. मला सिनेमा हवाय. हे म्हणताना ती काय करत होती? बसली होती? उठली? हसली?"

"ते मला ठाऊक नाही."

"तुम्ही तिथंच होता ना?"

"होतो. माझी नजर पानावर होती."

पोरीनं धीर सोडला नाही. "बरं, मग नंतर पडद्यावर तरी पाहिला असेल."

"गेलो होतो. दोघं गेलो होतो," मामंजी म्हणाले, आणि घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असलेला एकुलता एक किस्सा त्यांनी सांगितला. थिएटरात अंधार झाला, पडद्यावर ओठ हलायला लागले, आणि सवयीनं मामंजी खुर्चीत बसल्या बसल्या वाक्यं पुरवायला लागले. शेजारचे आधी "शुक, शुक" करत होते, मग ओरडायला लागले, शेवटी दरवान आला आणि दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. सासूबाईही उठून त्यांच्यामागे बाहेर आल्या. स्वतःचा सिनेमा सोडून! पुन्हा जाऊ म्हणेपर्यंत तो उतरलाही.

पोरगी खळखळून हसली. मीही हसले. आणि मग माझं लक्ष यांच्याकडे गेलं.

"म्हणजे तुम्ही काहीच बघितलं नाही," हे म्हणाले.

"माझं काम—"

"काम!" हे खुर्चीवरून उठलेच. मी या माणसाचा चढलेला आवाज तोपर्यंत ऐकला नव्हता, कांदा जळला तरी नाही. "ती तुमच्यासमोर चालत होती, हसत होती. सगळं पुन्हा पुन्हा करत होती. आणि तुम्ही कागदात तोंड घालून बसलात? ती माझी आई होती हो! कुणाला ऐकू जाणार होती ती वाक्यं? कुणासाठी वाचत होता?"

त्या पोरीनं मुकाट्यानं रेकॉर्डर बंद केला. मामंजींचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. हे चपला घालून बाहेर निघून गेले. मी पोरीला दारापर्यंत पोहोचवलं. ती बिचारी "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली. तिचा काय दोष?

त्यानंतर घरात अबोला. आधीच मुकं घर, त्यात बाप-लेकाचा अबोला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. दोघं एका खोलीत, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, आणि निरोप माझ्या मार्फत. "त्यांना सांग, गोळी घ्यायची राहिलीय." "त्याला विचार, खिडकी लावतो का." मी दवाखान्यातून पाय ओढत यायची, आल्या आल्या हे टपाल सुरू. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला. एक दिवस हे कामावर असताना मी मामंजींचं अंथरूण बदलत होते, आणि सुटलाच माझा तोल.

"मामंजी, मी लहान तोंडी मोठा घास घेते, पण आता बोलते. तुमचं वय झालं. तुम्ही गेलात की हा माणूस उरलेला जन्म त्या फोटोकडे बघत काढणार, आणि त्याला बघत मी काढणार. पुस्तकाबाहेरचं एक वाक्य, एक, तुम्हाला बोलता येत नाही? एवढी वर्षं जगाला शब्द पुरवलेत, मुलाला द्यायला चार नाहीत?"

मामंजींनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "एकदा सुटली होती ओळ."

"कसली ओळ?"

"काही नाही. उशी जरा वर कर."

मी उशी वर केली, म्हणजे आपटलीच. म्हटलं, गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय!

रविवार आला. सकाळी हे पेपर उघडून बसले होते, वाचत होते की नाही देव जाणे. मी धुतलेल्या चादरींच्या घड्या करत होते. मामंजींनी हाक मारली, "सूनबाई, इकडे ये. ती चादर कमरेला गुंडाळ."

"काय?"

"गुंडाळ. जमिनीपर्यंत यायला हवी. झगा होता तिला."

हे एक राहिलं होतं! कंबर धरलेली, गुडघे कुरकुरताहेत, गॅसवर दूध, आणि या वयात चादर गुंडाळून नाचा. पण मामंजी कुठल्याशा हिमतीनं उठून बसले होते, म्हणून मी पदर खोचला. दूध बंद केलं आणि चादर गुंडाळली.

"त्याला सांग, इथं खाली पाटावर बसायला. माझ्या जागी."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा."

मामंजींनी मान यांच्याकडे वळवली. "इथं बैस, बाळ," ते म्हणाले.

बाळ! यांच्या हातातला पेपर खाली आला. माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि उठून निमूटपणे पाटावर येऊन बसले, गुडघे पोटाशी घेऊन.

"शेवटचा प्रसंग," मामंजी म्हणाले. आवाज तोच, विंगेतला, पण कापत होता. "ती त्याच्यावर चिडलीय. पुन्हा या घरात पाऊल ठेवू नका म्हणाली, आणि दार उघडायला निघाली. चाल."

मी चालले. दारावरची बेल वाजल्यावर जाते तशी.

"असं नाही. तिची चाल तशी नव्हती. ती पाऊल जपून टाकायची. आधी चवडा, मग टाच. कपडेपटात खाली टाचण्या पडलेल्या असायच्या, अनवाणी टोचायच्या, म्हणून. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा तशीच चालायची. मी चिडवायचो." ते थांबले. दम लागला होता. "आणि डावा खांदा जरा वर. मापाची टेप असायची त्या खांद्यावर. ती घसरू नये म्हणून वर. टेप नसली तरी वर."

मी चवडा टेकला, खांदा उचलला. पाटावरून श्वास घेतल्याचा आवाज आला. मी तिकडे बघितलं नाही.

"हां. आता दाराशी खिळा आहे. झगा अडकला. टर्रकन शिलाई उसवली, दोरा लोंबायला लागला. कॅमेरा चालू आहे. तो घड्याळवाला हात पसरून उभा आहे. आणि ही... हिला भानच राहिलं नाही. वाकली, दोरा उचलला आणि दातानं तोडला. सवयच ती! मग तिच्या लक्षात आलं, अगबाई, मी तर आज नायिका. आणि हसली." मामंजी आता माझ्याकडे बघत नव्हते, मुलाकडे बघत होते. "पुस्तकात तिथं हसणं नाही. कानाला वेगळंच लागलं, म्हणून मी मान वर केली."

"तुम्ही?" हे म्हणाले.

"मी. ती माझ्याकडेच बघत होती, पुढच्या ओळीसाठी. ओळ समोर होती, बोट ओळीवर होतं. मी दिली नाही. मी बघतच बसलो. ती वाट बघतेय आणि मी बघतोय. दिग्दर्शकानं मला नाही नाही ते ऐकवलं. पण तो तुकडा त्यानं सिनेमात तसाच ठेवला म्हणे." चष्मा काढला, पण पुसला नाही. "प्रॉम्प्टरच्या हातून ओळ सुटली, हे कुणाला सांगायचं नसतं. म्हणून तुलाही नाही सांगितलं. तो भाग सांगायला गेलो तर सुटलेली ओळ सांगावी लागली असती. लाज वाटायची मला, बाळ."

एवढ्याशा लाजेपायी मुलाला आयुष्यभर आईवाचून ठेवलं! मला ओरडावंसं वाटलं. पण खाटेवर कसाबसा बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे बघून ओरडणार कुणावर?

"आता सगळं एकदम कर, सूनबाई," ते म्हणाले. "मी पुरवतो."

आणि त्यांनी पुरवलं. पावलाच्या आधी शब्द, अगदी वेळेवर. "चवडा." "खांदा." "आता हळू हो." "अडकलं." "वाक." मला काही विचारच करावा लागला नाही, शरीर आपोआप जात होतं. मी वाकले, चादरीच्या काठाचा निघालेला दोरा धरला आणि दाताखाली घेतला.

माझे पुढचे दोन दात बसवलेले आहेत. दोरा तुटेना. चावते, ओढते, पुन्हा चावते, तर दोरा दातांच्या फटीत जाऊन बसला आणि कवळीच हलायला लागली! म्हटलं, बघा, चणे आहेत तर दात नाहीत. सासूबाईंनी ऐन तारुण्यात केलं ते ही म्हातारी करायला निघाली! मला हसू फुटलं. खरंखुरं, पोटातून, दोरा तोंडात धरून, किती वर्षांनी कोण जाणे. तशीच मी वर बघितलं.

हे पाटावरून माझ्याकडे बघत होते. तोंड अर्धवट उघडं, डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर असं काही की मी ते कधी पाहिलंच नव्हतं. लग्नात नाही, लेक झाली तेव्हा नाही. माझी भाकरी, माझा पगार, माझी आजारपणं, सगळं या माणसानं बघितलं होतं, पण मला कुणी या घरात असं बघितलं नव्हतं.

मी काही खुळी नाही. ते कुणाकडे बघताहेत ते मला कळत होतं. मेलेल्या बाईचा मला हेवा वाटला, अगदी मनापासून वाटला, आणि तिच्यासाठी भरूनही आलं. कंबरेत कळ मारत होती. मामंजी पुढचं काही पुरवत नव्हते. सरळ उभी राहिले असते तर ते संपलं असतं. म्हणून मी उठले नाही. दोरा तोंडात धरून, खांदा वर करून, ते बघत होते तोवर तशीच वाकून राहिले.